इदालिनाच्या मनगटावरचा आकडा

इताउग्वा गावात एका विद्येत क्रिस्पिनचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या बायकोला, इदालिनाला, आज कुठे आणि किती दुखतंय हे तो सकाळी उठल्या उठल्या तिला न विचारता ओळखायचा.

यात जादूबिदू काही नव्हती. पहाटे पाचला तो पाणी तापवायचा, शिंगाच्या पेल्यात चहासारखा प्यायचा येर्बाचा पाला भरायचा, पहिलं पाणी रिवाजाप्रमाणे संत तोमासाच्या नावानं पाल्यातच जिरू द्यायचा आणि दुसऱ्या पाण्याचा पेला इदालिनाच्या हातात ठेवायचा. मग बघत बसायचा. तिनं पेला मुठीत धरला, की दिवस चांगला. नुसत्या बोटांच्या टोकांनी धरला, की पेरं सुजलेली. दोन्ही हातांनी धरला, तर त्या दिवशी शहाण्यानं तिच्याशी वाद घालू नये. एवढं पाहून झालं, की नऊ वाजताच्या तेरेरेत, म्हणजे त्याच येर्बाच्या थंडगार पेयात, आज कुठला पाला कुटून घालायचा हे तो ठरवायचा. दुपारच्या जेवणानंतर तोच पाला बर्फाच्या पाण्यात भिजवून फडक्यात बांधायचा आणि ती झोपली की तिच्या बोटांवर, मनगटावर ठेवायचा. सतरा वर्षं हेच चाललं होतं. संधिवात तिला झाला होता, पण त्याचा कारभार क्रिस्पिनकडे होता.

दोघांचं पोटही हातांवरच. तो लाकडाच्या चौकटी करायचा, ती त्या चौकटींवर कापड ताणून सुईनं न्यांदुतीची जाळी विणायची. कोळी भिंतीच्या कोपऱ्यात विणतो तशी, पण रंगीत आणि विकत घेण्याजोगी. डाव्या हाताची दोन बोटं दुखण्यानं आधीच वाकडी करून ठेवली होती. उजवा हात शाबूत होता आणि सगळी मदार होती उजव्या हाताच्या तर्जनीवर. राजधानीतल्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून सांगितलं होतं, की या बोटात आणखी एकदा सूज ठाण मांडून बसली तर ते पुन्हा सरळ होणार नाही, मग सुई विसरायची. परतीच्या बसमध्ये इदालिना म्हणाली, "डोळे जाऊ देत, गुडघे जाऊ देत. हे बोट तेवढं राहायला हवं, क्रिस्पिन." त्यानं ते बोट आपल्या मुठीत घेतलं आणि इताउग्वा येईपर्यंत सोडलं नाही.

नोव्हेंबरात त्याच इस्पितळात नवी टूम निघाली. घरबसल्या सूज मोजणारी पट्टी चाळीस आजाऱ्यांना द्यायची होती, आणि चाळिसांत इदालिनाचा नंबर लागला. पट्टी बांधायला आला डॉक्टर ओस्मार. वय तिशीचं, दाढी अजून धड भरलेली नाही, पण बोलणं असं मधाळ, की चिडका म्हाताराही कुशीत येऊन झोपावा. घरात आपण बोलतो तशा साध्या ग्वारानी भाषेत तो बोलत होता. त्यानं इदालिनाचं उजवं मनगट आपल्या हातात घेतलं आणि समजावलं, "ही पट्टी घाम पिते आणि अंगात सूज किती आहे ते मोजते. आकडा तुमच्या फोनवर दिसेल, माझ्याही. विसाच्या खाली हिरवा, पन्नासाच्या वर लाल. दुपारी झोपेत घाम भरपूर येतो, तेव्हा ती मोजणार. आंघोळीला काढायची आणि एरवी त्या हाताला ओलं काही लावायचं नाही. पाणी शिरलं तर आकड्याला अर्थ राहत नाही."

क्रिस्पिन शेजारीच उभा होता, पण त्यातलं निम्मं त्याच्या कानात शिरलं नाही. बायकोचं मनगट त्या पोराच्या हातात किती वेळ आहे, हे तो मोजत होता.

"किती वेळ धरून बसला होता हात!" बसमध्ये तो म्हणाला.

"पट्टी बांधत होता रे."

"एवढ्या वेळात मी बैलाला नाल ठोकली असती."

"मग बैलाशीच लग्न करायचं होतंस," इदालिना म्हणाली आणि मनगट फिरवून फिरवून पट्टी बघत बसली. नवी बांगडी बघावी तशी बघत होती, आणि तेच क्रिस्पिनला झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला फोन टिणटिणायला लागला. डॉक्टरचा निरोप, त्याच्याच आवाजात, नावाआधी मानाचं 'दोन्या' लावून. "कशा उठलात, दोन्या इदालिना? काल आकडा चौतीस होता. आज विणकाम दोन तासच करा. उजवा हात उशीवर ठेवून झोपा." बस, एवढंच. पण 'कशी उठलीस' हा क्रिस्पिनचा सवाल होता, आणि तो तर तोंडानं विचारायचाही नाही, पेला देऊन विचारायचा. आता इदालिना पेल्याच्या आधी फोन घ्यायची, निरोप दोनदा ऐकायची आणि हसायची. पेला तोवर त्याच्या हातात गार होत जायचा.

"काय म्हणतोय तुझा डॉक्टर?"

"माझा कशाला? तुझाही आहे."

"मला नाही विचारत तो, मी कसा उठलो ते."

"तुला काय धाड भरलीय? रात्रभर घोरत होतास. आणि हे बघ म्हाताऱ्या, दुपारचं ते फडकं आता नको हं. ओलं काही लावू नका म्हणालेत ते."

क्रिस्पिन पेला ठेवून उठला. वखारीत जाऊन त्यानं एका चांगल्या चौकटीचा कोपरा वाकडा कापला आणि करवतीला शिव्या दिल्या. त्या पोरानं चार पुस्तकं वाचली होती. यानं सतरा वर्षं तो हात वाचला होता, आणि आता यालाच सांगतात फडकं नको. अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या.

आगीत तेल ओतायला बाजारातली पाला विकणारी पेत्रोना होतीच. जुड्या बांधता बांधता ती अख्ख्या गावाच्या जखमेवर मीठ चोळायची.

"काय करई," ग्वारानीत 'साहेब' म्हणतात तसं ती म्हणाली, "हल्ली पाला कमी नेतोस? घरी डॉक्टर येतो म्हणे."

"घरी नाही. फोनवर."

"अगं बाई! फोनवरचा जास्त वाईट. घरी येणाऱ्याला कुत्रं तरी सोडता येतं. आणि रोज विचारतो म्हणे, कशा उठलात म्हणून? माझ्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांत एकदा विचारलं नाही. मेला तोसुद्धा न विचारताच मेला."

"तू जुडी बांध."

"बांधते की. घोडशेपूट देऊ? का आता सगळं मशीनच बघणार?"

"दुप्पट दे," क्रिस्पिन म्हणाला.

जानेवारीच्या सहा तारखेला, तीन राजांच्या सणाच्या दुपारी, त्यानं दोन महिने बंद ठेवलेलं फडकं पुन्हा काढलं. जेवण जड झालं होतं, ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं, पंखा गरम वारा फेकत होता. इदालिना गोळ्या घेऊन जी झोपली ती एकदम गाढ. क्रिस्पिननं पाला कुटून बर्फात मुरवला, फडक्यात बांधला आणि हळूच तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेवला. पट्टीवर ठेवला नाही, पट्टीपासून चार बोटं पुढे ठेवला. त्याला वाटलं, आपण नियम मोडलाच नाही. बर्फाचं पाणी मात्र नियम वाचून वाहत नसतं. ते मनगटावरून ओघळून पट्टीखाली शिरलं. ती उठायच्या आत त्यानं फडकं काढलं. जानेवारीत इताउग्वात दुपारी झोपून उठलेलं माणूस ओलंच असतं, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही.

पहाटे फोन बोलला. "दोन्या इदालिना, आनंदाची बातमी! परवा छत्तीस, काल एकोणीस. हिरवा!"

क्रिस्पिनच्या हातातून येर्बाचा डबाच निसटायचा राहिला. एका दुपारीत सतरानं खाली! डॉक्टरच्या गोळ्यांना दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्याच्या पाल्यानं एका फडक्यात केलं. पाणी शिरलं तर आकड्याला अर्थ राहत नाही, हे वाक्य त्याच्या कानांवरून गेलं होतं, मनात उतरलंच नव्हतं. मग काय, रोज दुपारी फडकं. पंधरा, बारा, तेरा. क्रिस्पिन शीळ घालत चौकटी तासायला लागला, आणि इदालिनाला कळेना की याला झालंय काय.

आठवड्यानं डॉक्टरनं निरोप न पाठवता फोनच केला. "तुम्ही काही बदललंत का? एवढा फरक कशानं पडला?"

"मी काहीच नाही बदललं," इदालिना म्हणाली. "आमचा म्हातारा तेरेरेत पाला घालतो, तो हल्ली जरा जास्त घालतोय. शेजारीपाजारी उठून बसतील एवढा कुटतो."

डॉक्टर हसला. "करईंना द्या बरं फोन. करई, तुमच्या पाल्यांची नावं सांगा, मी लिहून घेतो."

असं कुणी क्रिस्पिनला आयुष्यात म्हटलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि शाळामास्तर शुद्धलेखन घालतो तसं एकेक नाव सावकाश सांगितलं. मधेच म्हणाला, "झालं लिहून? पुढे जाऊ?" फडक्याचं मात्र तो बोलला नाही. सगळी विद्या एकदम द्यायची नसते, असं त्यानं स्वतःला बजावलं. खरं कारण हे, की इदालिना शेजारीच बसली होती.

त्या दिवशी तो पेत्रोनाकडे मुद्दाम गेला आणि लागत नसताना तीन जुड्या घेतल्या. "डॉक्टर मला विचारून लिहून घेतोय," त्यानं सांगितलं. चार बायका ऐकत होत्या, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

सतरा तारखेच्या पहाटे त्यानं इदालिनाच्या हातात पेला दिला, आणि तिनं तो बोटांच्या टोकांनी धरला. तर्जनी तर लावलीच नाही. ती बाजूला काढून ठेवल्यासारखी, हवेत.

क्रिस्पिननं ते पाहिलं. सतरा वर्षं जे पाहत आला, तेच पाहिलं. पण तेवढ्यात फोन वाजला, आकडा बारा. त्यानं हातावरची नजर उचलली आणि फोनवर ठेवली. फोन त्याची बाजू घेत होता आणि हात डॉक्टरची. इतके दिवस ज्या यंत्राच्या नावानं तो बोटं मोडत होता, त्याच्यावर त्या सकाळी त्यानं डोळे झाकून भरवसा ठेवला. रात्री उशीखाली हात सापडला असेल, असं म्हणून तो पाला कुटायला बसला.

वीस तारखेला इंजेक्शनचा दिवस होता. दर पंधरवड्याला एक इंजेक्शन ती घरी घ्यायची. फ्रीजच्या दारात, लोण्याच्या शेजारी, त्याचा खोका असायचा. डॉक्टरचा फोन आला. "दोन आठवडे सलग हिरवा आहे. हे औषध तगडं आहे, उगाच नको. या वेळचं थांबवू आणि बघू. पण आधी सांगा, दुखतं का कुठे?"

इदालिनानं उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला. "थोडंसं. पण आकडा चांगला आहे ना?"

"आकडा उत्तम आहे."

"मग वयाचं असेल," ती म्हणाली.

क्रिस्पिन दारात उभा होता. 'थोडंसं नाही, डॉक्टर, तीन दिवस तिनं तर्जनी लावलेली नाही' एवढंच वाक्य होतं, ओठांपर्यंत आलेलं. पण ते बोललं तर पाल्याचं काय? नावं लिहून घेतलेल्या त्या कागदाचं काय? बाजारातल्या चार बायकांचं काय? उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आकडा अकरा आला, आणि त्यानं सांगितलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण मांजराला निदान भूक तरी असते. याला नुसती दुसऱ्याची खोड मोडायची होती.

फेब्रुवारीच्या तीन तारखेचंही इंजेक्शन पुढे गेलं. तोवर इदालिना पेला दोन्ही हातांनी धरायला लागली होती. केसांचा बुचडा बांधणं तिनं सोडलं, वेणी पाठीवर तशीच राहायची. मांदियोकाचे कंद सोलायला ती क्रिस्पिनला सांगायची, "मला कंटाळा आलाय" म्हणून. आणि तो सोलायचा, न बोलता, एकेक साल पातळ काढत. दुपारी फडकं घालायचा ते आता पहिल्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचा. या पाल्यानं नाहीच तर दुसऱ्यानं सूज उतरेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. आकडा खरा व्हावा म्हणून तो जीव तोडून धडपडत होता, आणि पट्टीखाली आणखी पाणी जात होतं.

मार्चमध्ये एका मुलीचं लग्न होतं, तिची ओढणी चौकटीवर अर्धी ताणलेली होती. सात तारखेला सकाळी इदालिना तिच्यासमोर बसली. सुई तिनं तीनदा उचलली आणि तीनदा पडली. चौथ्यांदा अंगठा आणि मधल्या बोटात धरून तिनं एक टाका घातला, तो चुकला, तो उसवायलाही तिला जमेना. समोर क्रिस्पिन रंधा मारत होता.

"क्रिस्पिन," ती म्हणाली, "माझं डोकं फिरलंय का रे?"

"का?"

"मशीन म्हणतं मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात मी बरी आहे. मग हे दुखतंय ते कुठे दुखतंय? माझ्या मनात?" ती हसायला गेली, पण तिचे डोळे भरले. "तसंही असतं म्हणे म्हातारपणी. बहिणीला सांगितलं तर ती म्हणेल, लक्ष वेधून घ्यायची खोड आहे."

क्रिस्पिनचा रंधा थांबला. सतरा वर्षांत तिनं कधी आपल्या दुखण्यावर शंका घेतली नव्हती. दुखण्याला शिव्या दिल्या होत्या, त्याच्याशी भांडली होती, पण ते आहे हे तिला पक्कं ठाऊक असायचं. आता तेही तिच्याकडून गेलं होतं, आणि ते कुणी नेलं हे त्याला माहीत होतं. त्याला स्वतःची किळस आली.

त्या दुपारी त्यानं पाला कुटला, भिजवला, फडक्यात बांधला आणि तिच्या अंथरुणापाशी जाऊन बसला. फडकं मांडीवर तसंच राहिलं. त्याची विजार ओली झाली, पण ते त्यानं तिच्या हातावर ठेवलं नाही. इदालिनाचा कोरडा हात उशीवर होता आणि पट्टीच्या कडेनं घामाचे थेंब जमत होते.

दुसऱ्या पहाटे फोन बोलला नाही, वाजला.

"दोन्या इदालिना, परवापर्यंत अकरा-बारा आणि काल एकदम त्र्याऐंशी? पट्टी निघाली होती का? पाणी लागलं का?"

"नाही हो. मी झोपले होते."

"दुखतंय का?"

इदालिना घुटमळली. "आता मी काय सांगू? मला काही कळत नाही हल्ली."

"महिनाभर हिरवा आणि एका दिवसात त्र्याऐंशी, असं सहसा होत नाही," डॉक्टर म्हणाला. "पट्टीच बिघडली असणार. आजच नवी पाठवतो. चारेक दिवस तिचे आकडे बघू आणि मग इंजेक्शनचं ठरवू. कालचा आकडा सोडून द्या."

सोडून द्या! क्रिस्पिनच्या समोर दार सताड उघडलं होतं. कुणाला कधी कळलं नसतं. नवी पट्टी आली असती, कोरडी राहिली असती, खरा आकडा आला असता, सगळं पट्टीच्या बोडक्यावर गेलं असतं. किंमत फक्त चार दिवस. ते चार दिवस इदालिनाच्या तर्जनीनं भरायचे. इदालिनानं फोन दोन तळहातांमध्ये धरला होता, कारण बोटांनी धरवत नव्हता.

त्यानं तो तिच्याकडून घेतला.

"डॉक्टर, मी क्रिस्पिन. कालचा आकडा खरा आहे. आधीचे खोटे."

"म्हणजे?"

"रोज दुपारी मी तिच्या हातावर बर्फाच्या पाण्यातला पाला ठेवत होतो. ती झोपलेली असायची. तिला माहीत नाही. काल ठेवला नाही. पाल्यानं काही झालं नाही, डॉक्टर. ती नावं फाडून टाका."

डॉक्टर ओस्मारनं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "त्यांना कधीपासून दुखतंय, तुम्हाला काही अंदाज?"

अंदाज! "सतरा जानेवारीपासून," क्रिस्पिन म्हणाला.

"पहिलं इंजेक्शन थांबवलं ते वीस तारखेला."

"हो."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"हो."

डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "फ्रीजमधलं इंजेक्शन आत्ता द्या. मग मिळेल ती पहिली बस पकडा."

इदालिनानं सगळं ऐकलं होतं. क्रिस्पिननं इंजेक्शन दिलं तेव्हा तिनं दंड पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली. बसथांब्यावर चीजचे पाव विकणाऱ्या चिपावालीनं टोपली पुढे केली तर तिनं नुसती मान हलवली. बस सुटल्यावर ती बोलली.

"फडक्याचं एक वेळ समजू शकते. तुला तुझ्या पाल्याचं वेड आहे, मला ते लग्नाआधीपासून माहीत आहे."

"इदा—"

"पण पेला रोज तू देत होतास. काल मी तुला विचारलं, माझं डोकं फिरलंय का. विचारलं ना? तू रंधा थांबवलास आणि पुन्हा मारायला लागलास."

क्रिस्पिननं तिचा हात घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिनं आपला हात पदराखाली घ्यावा तसा शालीखाली घेतला. राजधानी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

इस्पितळात डॉक्टर ओस्मारनं दोघांना समोर बसवलं. त्यानं पट्टी काढली, बाजूच्या ताटलीत ठेवली आणि इदालिनाचा उजवा हात टेबलावर मऊ कापडावर घेतला. सगळी बोटं फुगली होती, कातडी चकाकत होती. त्यानं करंगळीचं पेर हलकेच दाबलं.

"इथे दुखतं का, दोन्या?"

इदालिनानं समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

"दोन्या इदालिना? दुखत असेल तर सांगा. किती दिवस दुखतंय तेही सांगा, मला लिहायचंय."

"मला नका विचारू," इदालिना म्हणाली. "त्याला विचारा. त्याला माहीत आहे."

डॉक्टरनं क्रिस्पिनकडे पाहिलं. चिडलेला नव्हता तो. नुसता वाट बघत होता, पेन हातात धरून. क्रिस्पिनला वाटलं, जमिनीनं आपल्याला गिळावं, पण त्या खोलीतली फरशी घट्ट होती.

"करंगळी नाही," तो म्हणाला. "ती फुगलीय, पण दुखत नाही."

डॉक्टरनं लिहिलं आणि पुढचं बोट धरलं.

"हे चार दिवस. सकाळी जास्त."

"हे?"

"मधलं नऊ दिवस. खालच्या पेऱ्याशी. ती सुई यात धरते आता, म्हणून."

"अंगठा?"

"अंगठा कालपासून."

तीन महिने तो ज्याच्यासाठी जळत होता ते सगळं त्याला मिळत होतं. डॉक्टर यंत्राला बाजूला सारून त्याला विचारत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेत होता. त्याला मान वर करवत नव्हती.

डॉक्टरचे हात तर्जनीपाशी आले. तिचं मधलं पेर लाल होतं आणि बोट आकड्यासारखं आत वळलेलं. ते किती सरळ होतं ते बघायला त्यानं खालून आधार दिला.

"ते नको," क्रिस्पिन घाईनं म्हणाला. "ते हलवू नका, डॉक्टर. ती ओरडणार नाही, पण ते नका हलवू. ते तेवीस दिवस झाले."

डॉक्टरनं बोट सोडलं. पट्टीच्या आकड्यांचा छापील कागद समोर होता, त्यावर त्यानं आडवी रेघ मारली आणि खाली तेवीस लिहिलं. "हे सरळ होईल का, ते मी आज सांगू शकत नाही," तो म्हणाला. ते त्यानं इदालिनाला सांगितलं.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. एकाही बोटाच्या वेळी तिनं क्रिस्पिनला 'चुकलास' म्हटलं नव्हतं.